आमच्या गच्चीचा लिलाव

आमच्या घरात टीव्ही दिवसभर चालू असे आणि तो कोणीच पाहत नसे. म्हैसूरच्या विजयनगरातल्या आमच्या त्या घराचा तो आवाजच होता म्हणा ना. सकाळी कन्नड बातम्या, त्यावर कुकरची शिट्टी, शेजारच्या घरातून येणारा तोच बातम्यांचा आवाज क्षणभर मागून, पण त्यांचा टीव्ही जुना होता की आमचा, हे मला कधी कळलं नाही. केबलची काळी वायर समोरच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडावरून लोंबत आमच्या खिडकीतून आत शिरायची. वारा सुटला की चित्रातल्या माणसांना मुंग्या यायच्या, मग कोणीतरी उठून टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवायचा. हात ठेवून काही होत नाही हे मला तेव्हाही पटलेलं होतं, पण ठेवायचा.

अप्पा पिरियापट्टणला तंबाखूच्या लिलावात कारकून होते. हंगामात आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला भाजलेल्या पानाचा गोडसर वास यायचा, गुळाच्या काकवीसारखा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. आम्ही म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी शिपाई म्हणून आलेल्या मराठ्यांपैकी. इतक्या पिढ्यांनंतर आमची मराठी निम्मी कन्नड झाली होती आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "मत्ते काय?", "साकु आता", "सुम्ने बस" हे सगळं, म्हणजे आणखी, पुरे आणि गप्प, आम्ही मराठीच समजायचो. आई मात्र कराडजवळच्या गावची. अप्पांच्या एका चुलत्यांनी कुठल्याशा लग्नात तिला पाहिलं आणि ती एकदम तिथून इकडे आली. आमच्या पूर्ण गोतावळ्यात सगळ्यांच्या अम्मा होत्या, फक्त माझी आई होती, कारण तिने तसा हट्ट धरला होता. ती आम्हाला दिवसातून दहादा दुरुस्त करायची. "साकु नाही, पुरे म्हणावं," असं ती भाकरी थापता थापता पाठमोरीच सांगायची. आणि आम्ही हसायचो. अप्पा तर तिच्या बोलण्याला 'आकाशवाणी' म्हणायचे.

त्या वर्षी आई भाच्याच्या लग्नाला महिनाभर माहेरी राहून आली. तिथे तिने रोज संध्याकाळी भावजयांबरोबर एक मराठी मालिका पाहिली. मालिका रंगात आली असताना तिला परतावं लागलं. पुढची गोष्ट मावशी फोनवर सांगायची, पण मावशीला गोष्ट सांगता येत नसे, ती शेवट आधी सांगून टाकायची. आईला मालिकेचंच वेड लागलं होतं असं मला वाटलं. एका दुपारी शेंगा सोलताना मी तिला म्हटलं, कन्नडमध्येही तशाच मालिका असतात, सासू तीच, सून तीच. आई म्हणाली, "ते खरं गं. पण तिथं महिनाभर माझ्या बोलण्याला कोणी हसलं नाही." एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलू लागली. मी ते शनिवारी अप्पांना सांगितलं. अप्पा जेवत होते. त्यांनी भाताचा घास ताटातच ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मराठी चॅनेल कोण कोण देतंय इथं?"

इथून माझ्या आयुष्यातला पहिला हिशेबाचा उद्योग सुरू झाला. मी तेव्हा कॉमर्सला होते आणि कॉलेजात शिकवलेलं काहीही घरात वापरता येतं यावर माझा विश्वास नव्हता. (आज मी दुसऱ्यांचे जमाखर्च तपासून पोट भरते, आणि खरं शिक्षण त्या हिवाळ्यातच झालं असं मला वाटतं.) आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, आहे ती केबल. ती नागोजीची. नागोजी अप्पांच्या चुलतभावाचा मुलगा, त्यामुळे तो अप्पांना चिकप्पा आणि आईला चिकम्मा, म्हणजे काका-काकू, म्हणायचा, पैसे घ्यायला यायचा तेव्हा कॉफी पिऊन जायचा, आणि मराठी चॅनेल पुढच्या महिन्यात नक्की आणतो असं दर महिन्याला सांगायचा. दोन आणि तीन, नव्यानेच आलेल्या दोन डिश कंपन्या. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. आमच्या घरातही ती कोणी घेत नसे, विकणाऱ्याच्या नावाने त्या ओळखल्या जायच्या. एक मादेशची डिश. मादेश बाजारातल्या दुकानात बसायचा, गोड कन्नड बोलायचा आणि "दोनशे चॅनेल" हे शब्द देवाचं नाव घेतल्यासारखे उच्चारायचा. दुसरी डिश विकणारा कोणी चौधरी म्हणून होता. त्याचं पत्रक पेपरातून घरात पडलं होतं, त्यावर त्याचा फोन होता.

मी तिघांची पत्रकं समोर घेऊन बसले तेव्हा मला असा काही आनंद झाला की सांगता येत नाही. आकडे खोटं बोलत होते आणि ते मला दिसत होतं. मादेशच्या दोनशेंत रेडिओचे पन्नासभर होते. चित्र नाही, नुसता आवाज. तरी ते चॅनेलच. एकच सिनेमाचा चॅनेल तासाभराच्या फरकाने दोनदा मोजला होता. भांडी आणि चटया विकणारे कितीतरी. नागोजीचे नव्वद आम्ही रिमोट घेऊन एकेक करून पाहिले, तर त्यात चार निळे पडदे होते आणि एक त्याचा स्वतःचा, ज्यावर तो गल्लीतल्या पोरांचे वाढदिवस दाखवायचा. पण निळ्या पडद्यांत माझा जीव नव्हता. मला हवं होतं ते सगळ्यांत शेवटी बारीक अक्षरात सापडलं. मादेशकडे मराठी होतं, पण वरच्या पॅकमध्ये, जो घेण्यासाठी इंग्रजी सिनेमे आणि लहान मुलांचे कार्यक्रमही घ्यावे लागत. चौधरीकडे दोन मराठी चॅनेल मूळच्या पॅकमध्येच होते. मी ते वाचून खुर्चीवरून उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि आईला न सांगताच परत आले. अप्पांना आधी सांगायचं होतं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तिघांनाही रविवारी अकरा वाजता बोलव. मी म्हटलं, तिघांना एकाच वेळी? अप्पा म्हणाले, वेगवेगळे बोलावले तर प्रत्येक जण मला त्याचा दर सांगेल, एकत्र बोलावले तर एकमेकांना सांगतील. लिलावात तंबाखूच्या गाठी ओळीने मांडलेल्या असतात आणि सगळे व्यापारी एकाच वेळी त्या ओळीतून चालतात, म्हणून तर भाव निघतो. "मत्ते एक लक्षात ठेव पुट्टी," ते म्हणाले (मला ते पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायचे), "आपल्याला कुठला माल हवाय ते तोंडावर दिसू द्यायचं नाही. मराठी हा शब्द कोणी काढायचा नाही. क्रिकेट विचार, बातम्या विचार, शेतीचे कार्यक्रम विचार. मराठी फुकटात आलं तर आलं, असं दाखवायचं." हे त्यांनी आईलाही बजावलं. आई म्हणाली, मी आतच असेन, मला काय करायचंय. पण शनिवारीच तिने पावट्याच्या शेंगा आणून सोलून ठेवल्या होत्या. अवरेकाळूचे ते दिवस होते. पूर्ण विजयनगरात संध्याकाळी त्याचाच वास असायचा, आणि घरात पाहुणे येणार तर अवरेकाळूचा सारु, म्हणजे पावट्याची आमटी, हवाच, मग ते पाहुणे डिश विकायला आलेले असले तरी.

रविवारी पडवीत तीन खुर्च्या ओळीने मांडल्या. नागोजी सर्वांत आधी आला आणि दुसऱ्या दोन खुर्च्या पाहून त्याचा चेहरा पडला. अप्पांनी त्याला शेवटच्या खुर्चीत बसवलं. मादेश हातात चकचकीत पिशवी घेऊन आला. नागोजी आणि मादेश एकमेकांना ओळखत होते आणि ओळख दाखवत नव्हते. चौधरी सर्वांत शेवटी आला. बावीस-तेवीसचा, खांद्याला बॅग, घामाने भिजलेला, पत्ता शोधत तीनदा घराजवळच्या उद्यानाला फेरी मारून आलेला. बसल्या बसल्या त्याने मोडक्या हिंदीत उशिराबद्दल माफी मागितली. अप्पांनी घसा साफ केला आणि कन्नडमध्ये सुरुवात केली. घरी बसून बोलावं तसे ते बोलतच नव्हते. ते पिरियापट्टणात होते. आधी नागोजीने महिन्याचा आकडा सांगितला. मादेशने बॉक्स बसवण्याचे पैसे सोडले. नागोजीने दोन महिने फुकट दिले. मादेश म्हणाला, केबल काय हो, वारा आला की गेली. नागोजी म्हणाला, आणि तुमची छत्री पाऊस आला की गेली, मग माणूस पावसात काय बघायचा, भिंत? मी दारात उभी राहून मनातल्या मनात आकडे मांडत होते. अप्पांनी क्रिकेट विचारलं, बातम्या विचारल्या, शेतीचे कार्यक्रम विचारले. चौधरीला यातलं फारसं कळत नव्हतं. मी त्याला हिंदीत सांगत होते. त्याचा आकडा सुरुवातीला मधला होता आणि तो खाली यायला तयार नव्हता. कंपनीने तसं सांगितलंय, एवढंच म्हणत होता. तरी तो खाली येईल असं अप्पांच्या डोळ्यांत दिसत होतं. अजून एक फेरी, की झालं.

नेमकं तेव्हा आतून आईने मला हाक मारली. "अगं, कोथिंबीर निवडलेली कुठं ठेवलीस?"

चौधरी खुर्चीतून अर्धा उठला. "तुम्ही मराठी आहात?" त्याने मला विचारलं, मराठीत. आणि त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. पंधरा दिवसांपूर्वी तो जळगावहून इथे आला होता आणि पंधरा दिवसांत त्याच्याशी कोणी मराठी बोललेलं नव्हतं. आई हात पुसत बाहेर आली. अप्पा तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते, पण ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती चौधरीकडे पाहत होती. कुठला, जळगाव म्हणजे गावातलाच की आसपासचा, घरी कोण, इथे राहतोस कुठे, जेवतोस कुठे. चौधरी काकू काकू करत सगळं सांगत होता. बोलणं वांग्याच्या भरतावर आलं, तेव्हा ती पडवीच्या ओट्यावर बसलीच. अशी सलग, अशी वेगाने बोलताना मी आईला कधी ऐकलं नव्हतं. तिची वाक्यं लांब होती आणि ती मध्ये कुठेही थांबून आमच्याकडे पाहत नव्हती, आम्हाला कळतंय की नाही म्हणून. नागोजीने माझ्या कानात विचारलं, चिकम्मा एवढं बोलते? मादेशने पिशवी मांडीवर ठेवली. आणि मग आईने सरळ विचारलं, "तुझ्या त्या डिशवर मराठी लागतं का रे?" अप्पांनी डोळे मिटून घेतले. आठवडाभराची सगळी तयारी त्या एका वाक्यात गेली. चौधरी म्हणाला, लागतं की काकू, दोन चॅनेल आहेत. आईचा चेहरा फुलला. ती उठली, पदर खोचला आणि चौधरीला म्हणाली, "चल, आधी ऊट, मग बाकीचं."

चौधरी उठला. त्याचं हसू तसंच राहिलं पण कान लाल झाले. त्याने बॅग खांद्याला लावली, अप्पांना नमस्कार केला, "येतो काकू" म्हणाला आणि फाटकातून बाहेर पडला. कोणालाच काही कळेना. मादेश एकदम ताठ बसला. नागोजी म्हणाला, बघा चिकप्पा, हे बाहेरचे लोक असेच. आई फाटकाकडे पाहत उभी होती. "काय झालं त्याला? मी तर जेवायला बोलावलं." मी म्हटलं, आई, तू ऊट म्हणालीस. ती म्हणाली, "मी जेव म्हणाले." मी म्हटलं, नाही, ऊट. आमच्याकडे ऊट म्हणजे जेवण, कन्नडमधलं. आमच्या घरात त्यात चूक काढणारं एकच माणूस होतं. आणि ज्याला ऊट माहीत नाही, ज्याच्याशी इतका वेळ शुद्ध मराठीत बोलणं चाललंय, त्याला काय ऐकू येणार? ऊठ. आधी ऊठ, मग बाकीचं.

मी चप्पल न घालताच धावले. चौधरी उद्यानाच्या कोपऱ्यावर स्कूटरला किक मारत होता आणि ती चालू होत नव्हती, हे माझं नशीब. मी धापा टाकत त्याला सांगितलं. त्याने एकदा ऐकलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि मग स्कूटरवरच कोसळून हसायला लागला. म्हणाला, "ताई, लॉजवाला रोज दुपारी दार वाजवून ऊट ऊट म्हणतो. मला वाटायचं खोली खाली कर म्हणतोय. मी दोनदा बॅग भरली."

आम्ही परत आलो तेव्हा आई पुन्हा ओट्यावर बसली होती. चौधरी तिच्यासमोर उभा राहून, कान पकडून, आता वाढा काकू, असं काहीतरी म्हणाला. ती हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग पाणी राहिलं आणि हसणं गेलं. ती अप्पांकडे वळली. "वीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना दुरुस्त करत आले. मी कधीपासून अशी बोलायला लागले हो?"

ती काय बोलते ते आम्ही कधी नीट ऐकलंच नव्हतं, आम्ही फक्त हसलो होतो. अप्पांनी चौधरीला विचारलं, तुमचा पहिला आकडा काय होता? चौधरीने सांगितला. मला तो तोंडपाठ होता. केबलपेक्षा तो बराच जास्त होता, मादेशच्या शेवटच्या आकड्याहूनही जास्त होता. मी तोंड उघडणार तोच अप्पा म्हणाले, "सुम्ने थांब पुट्टी." आणि चौधरीला, "लिहा." नागोजी म्हणाला, चिकप्पा, मी अजून खाली येतो. अप्पा म्हणाले, "लिलाव संपला रे. चल, जेवायला बस." अप्पा जेवायला म्हणाले. मला वाटतं ते मुद्दाम तसं म्हणाले. आयुष्यात त्यांनी भाजी घेताना सुद्धा पहिला भाव कधी मान्य केला नव्हता. मादेश आणि नागोजी दोघेही जेवायला बसले, कारण वास घरभर होता. मादेशने दोनदा सारु घेतला आणि जाताना आईला सांगितलं, मेडम्, माझ्या दोनशेंत असा एकही नाही.

(आता माझ्या घरात वायरही नाही आणि छत्रीही नाही. मुलगा भिंतीवर कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या खिडक्या उघडतो आणि मी दर सहा महिन्यांनी बसून कोणती ठेवायची, कोणती सोडायची याचा हिशेब मांडते. त्यात आता कोणी खुर्चीत बसून घाम पुसत नाही. आकडे तितकेच खोटं बोलतात.)

सोमवारी अप्पा पिरियापट्टणला गेले नाहीत. त्यांनी चक्क रजा घेतली. दुपारी चौधरी एका मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिकला कन्नडशिवाय काही येत नव्हतं आणि चौधरीला कन्नड येत नव्हतं, त्यामुळे ते दोघे गच्चीवर हातवारे करत भांडत होते. डिश जवळजवळ आभाळाकडेच तोंड करून बसवायची होती, किंचित आग्नेयेला, आणि आग्नेयेला आमचं नारळाचं झाड होतं. मेकॅनिकने झाडाकडे पाहून मान हलवली. अप्पांनी मान हलवली. नारळ तोडायचा नाही हे न बोलता ठरलं आणि डिश गच्चीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, तिथून पाण्याच्या टाकीवर अशी चढत गेली. मी जिन्यात मध्यावर उभी होते, कारण वरचं खाली आणि खालचं वर ऐकू जात नव्हतं. खाली टीव्हीसमोर आई होती. तिला काम एकच, चित्र आलं की ओरडायचं. मेकॅनिक वरून विचारायचा, बंता? मी खाली विचारायची, आलं का? आई म्हणायची, नाही. मी वर ओरडायची, इल्ला. असं इतक्या वेळा झालं की माझ्या तोंडात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आणि एकदा मी आईलाच बंता विचारलं. तिने दुरुस्त केलं नाही. शेजारची मंडळी त्यांच्या गच्चीवर येऊन पाहत उभी राहिली. अप्पा टाकीवर डिशचा दांडा धरून उभे होते आणि मेकॅनिक बोटाच्या टोकाने तो इकडून तिकडे सरकवत होता, थोडा, आणखी थोडा, दम धरून.

"बंता?" मेकॅनिकने विचारलं. मी खाली विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. काहीच नाही. अप्पांनी वरून हाक दिली, काय गं, खाली कोणी आहे की नाही? मेकॅनिकने कंटाळून दांडा पुन्हा हलवायला घेतला. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले.

चित्र आलेलं होतं. मुंगी नाही, रेघ नाही, असं चित्र आमच्या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं. मालिका नव्हती. कोणीतरी बाई कुठल्याशा बागेत उभी राहून गुलाबाची कलमं कधी लावावीत ते सांगत होती, लांब लांब वाक्यांत, घाई न करता. आई टीव्हीसमोर जमिनीवर बसली होती, खुर्ची मागे असूनही. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. फक्त एक हात वर केला, गप्प म्हणून. वरून डिशचा दांडा करकरल्याचा आवाज आला आणि पडद्यावरची बाई जराशी थरथरली.

"हलवू नका म्हणावं त्यांना," आई हळूच म्हणाली. "आता अजिबात हलवू नका म्हणावं."